रणगाड्याचं स्केल मॉडेल: बांधणी, रंग आणि वेदरिंगमागचं विज्ञान

दुसऱ्या महायुद्धातला शर्मन रणगाडा साधारण ५.८४ मीटर लांब, २.६२ मीटर रुंद आणि ३० टन वजनाचा. त्याची प्रत्येक लांबी ३५ ने भागली की हातात येतो सुमारे १६.७ सेंटीमीटर लांब आणि साडेसात सेंटीमीटर रुंद प्लॅस्टिकचा रणगाडा. यालाच १/३५ स्केलचं मॉडेल म्हणतात. हे खेळणं नाही. चावी नाही, रिमोट नाही, लहान मुलाच्या हातात दिलं तर पाच मिनिटांत तोफ तुटेल. तुम्ही ते बांधता, रंगवता आणि मग मुद्दाम मळवता. या मळवण्याला वेदरिंग म्हणतात आणि खरी मजा, खरी गोची तिथेच आहे.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव जालना जिल्ह्यात. वर्क फ्रॉम होमच्या काळात पहिलं किट घेतलं आणि बिघडवलं. त्यानंतर बरंच शिकलो. इंटरनेटवर या छंदाची माहिती भरपूर आहे, पण ती थंड, दमट देशांतल्या लोकांनी लिहिलेली. मे महिन्यात ४२ अंशांवर एअरब्रशच्या तोंडात रंग वाळतो तेव्हा काय करायचं, हे त्यात सापडत नाही. म्हणून हा लेख.

१/३५ च का?

खरं सांगायचं तर यामागे मोठं शास्त्र नाही. जपानच्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीने १९६१ मध्ये पँथर या जर्मन रणगाड्याचं मोटर असलेलं प्लॅस्टिक मॉडेल काढलं. मोटर आणि बॅटऱ्या आत बसायला हव्यात म्हणून तेवढा मोठा आकार धरला आणि नंतर मोजलं तर तो साधारण १/३५ निघाला. मॉडेल चाललं, पुढची त्याच मापात आली, बाकीच्या कंपन्यांनीही तेच माप उचललं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. कोणीतरी घाईत ठरवलेली एक किंमत साठ वर्षं सगळ्यांच्या कोडमध्ये राहते, तसं. याशिवाय १/७२ आणि १/४८ पण मिळतात. जागा कमी असेल तर १/७२ घ्या, पण वेदरिंग शिकायला १/३५ बरं.

स्केलचं गणित एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका टळतात. मॉडेलवर अर्धा मिलिमीटरचा रंग उडालेला ठिपका काढला, तर खऱ्या रणगाड्यावर तो पावणेदोन सेंटीमीटरचा. एक मिलिमीटरचा काढला तर साडेतीन सेंटीमीटर. नवशिका माणूस असे दोनशे ठिपके काढतो आणि रणगाडा देवी आल्यासारखा दिसतो. ब्रशने जाड रंग दिला आणि थर ०.१ मिलिमीटरचा झाला, तर स्केलमध्ये तो साडेतीन मिलिमीटर जाड, म्हणजे भिंतीला प्लॅस्टर केल्यासारखा. म्हणून एअरब्रश वापरतात. त्याचा थर काही मायक्रॉनचा असतो आणि बोल्टची डोकी बुजत नाहीत.

उलट्या बाजूने पण हेच. किटमधलं मडगार्ड एक मिलिमीटर जाड असतं, म्हणजे स्केलमध्ये साडेतीन सेंटीमीटर जाडीचा पत्रा! खरं मडगार्ड तीन-चार मिलिमीटरचं. यावर उपाय घरातच आहे. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर असतो. तो कात्रीने कापा, बोटाने थोडा वाकवा, आणि खऱ्यासारखं चेपलेलं मडगार्ड तयार. कडा धारदार असतात, बोट सांभाळा.

वजनाचं गणित वेगळं. लांबी ३५ पट कमी झाली की वजन ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ पट कमी व्हायला हवं. ३० टन भागिले तेवढे केले की येतात सुमारे ७०० ग्रॅम. प्लॅस्टिकचं पोकळ किट त्याहून बरंच हलकं असतं. त्यामुळे मॉडेल चिखलावर ठेवलं तर ते बुडत नाही, तरंगल्यासारखं दिसतं. ओली माती असतानाच त्याला दाबून बसवावं लागतं. प्रदर्शनात चांगलं रंगवलेलं मॉडेल खोटं वाटतं, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

कुठला रणगाडा करायचा?

आपल्याकडे बहुतेक जण जर्मन टायगरपासून सुरुवात करतात, कारण किट सहज मिळतं. मी म्हणेन, आपल्या जवळचा विषय घ्या. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरमार्गे अहिल्यानगर गाठता येतं. तिथे सैन्याच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये सुरू केलेलं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. सुमारे पन्नास वाहनं उघड्यावर उभी आहेत: रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, शर्मन, सेंच्युरियन, विजयंता आणि पाकिस्तानकडून हस्तगत केलेल्या पॅटनपर्यंत. शर्मनच्या ओतीव टरेटवर हात ठेवला की कळतं, तो पृष्ठभाग गुळगुळीत नाही, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आहे. हे फोटोत दिसत नाही. मॉडेलवर तो खडबडीतपणा आणायला गॅरेजवाले वापरतात ती एनसी पुट्टी थिनरने पातळ करून लावायची आणि ओली असतानाच जुन्या टूथब्रशने टोचायची.

फोटो काढायची परवानगी मात्र गेटवर विचारून घ्या, ती लष्करी जागा आहे.

मी केलेलं मॉडेल आहे डेक्कन हॉर्सचं, सप्टेंबर १९६५, असल उत्तर. ही रेजिमेंट जुन्या हैदराबाद संस्थानाच्या घोडदळातून आली आणि आपला जालना त्याच संस्थानात होता, हे एक कारण. दुसरं कारण चिखल. ८ ते १० सप्टेंबरला पंजाबमधल्या खेमकरणजवळ पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांची आणि आपल्या रणगाड्यांची गाठ पडली. आपल्याकडे सेंच्युरियन होते, तसे वयस्कर शर्मन आणि हलके एएमएक्स-१३ पण होते. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं, रणगाडे उंच उसात घोड्याच्या नालेच्या आकारात दडवले आणि पॅटन चिखलात रुतले. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानचे ९७ रणगाडे गेले. ऊस, पाणी सोडलेलं रान आणि त्यात रुतलेलं जड वाहन, हे दृश्य आपल्यापैकी ज्याने ट्रॅक्टर अडकलेला पाहिलाय त्याला समजावून सांगायची गरज नाही.

डेक्कन हॉर्सकडे शर्मनचे एकापेक्षा जास्त प्रकार होते. किट घेण्याआधी जुने फोटो बघा आणि तोफेची लांबी, हलचा आकार जुळवा.

चिकटवणं नाही, वेल्डिंग

किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. ते वितळवून साच्यात दाबाने भरतात आणि भाग एका चौकटीवर लटकलेले येतात. ते कटरने सोडवायचे, खुणा कानशीने घासायच्या. मॉडेलचं पातळ सिमेंट गोंदासारखं काम करत नाही. त्यात अॅसिटोन, ब्युटाइल अॅसिटेटसारखी द्रावकं असतात. ती दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक मऊ करतात, साखळ्या एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि दोन तुकड्यांचा एक होतो. म्हणून सांध्यावर रंग असेल तर तो आधी खरवडावा लागतो. धातूचे किंवा रेझिनचे भाग असतील तर तिथे हे चालत नाही, सुपरग्लू लागतो. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे श्रावणात तो पटकन पकडतो आणि एप्रिलमध्ये उगाच वेळ लावतो.

हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर सिमेंट म्हणून वापरायचा मोह होईल. पुट्टीपुरतं ठीक, पण नाजूक भागावर एक थेंब जास्त पडला तर भागच विरघळतो.

रंगांचा स्टॅक

हा भाग नीट वाचा, कारण माझं पहिलं मॉडेल इथेच गेलं.

मॉडेलचे रंग तीन प्रकारचे: लॅकर, अॅक्रिलिक, आणि एनॅमल किंवा ऑइल. प्रत्येकाचं द्रावक वेगळं. लॅकर थिनर सगळ्यात जहाल. वाळलेल्या अॅक्रिलिकवर टर्पेंटाइनचा फारसा परिणाम होत नाही. याचा अर्थ थर कुठल्या क्रमाने द्यायचे ते ठरलेलं आहे: खाली लॅकर प्रायमर, वर अॅक्रिलिक रंग, त्यावर चकचकीत व्हार्निश, त्यावर ऑइल किंवा एनॅमलचे पातळ वॉश, शेवटी मॅट व्हार्निश. वरच्या थराचं द्रावक खालच्या थराला हात लावू शकत नाही, म्हणून वरचं काम चुकलं तर तेवढंच पुसून परत करता येतं. एक प्रकारचा अनडू. क्रम उलटा केला तर वरचा थर खालचा खातो.

वॉश म्हणजे काय? गडद तपकिरी ऑइल रंग टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ करून खाचांत सोडायचा. केशाकर्षणाने तो आपोआप खाचेत पळत जातो आणि सावली पडल्यासारखी दिसते. चकचकीत व्हार्निश यासाठीच: गुळगुळीत पृष्ठभागावर वॉश सरकतो, मॅटवर तो डाग होऊन पसरतो. यासाठी परदेशी बाटल्या लागत नाहीत. कॅमलची बर्न्ट अंबर ऑइल ट्यूब जालन्यातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते. दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेली कंपनी, शाळेत सगळ्यांनी वापरलेली. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर तासभर ठेवा, जास्तीचं तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि वॉश चमकत नाही.

मी पहिल्या वेळी व्हार्निशचा थर गाळला. रंग पण चाकांच्या आतल्या बाजूला पोचला नव्हता. टर्पेंटाइनचा भरपूर वॉश ओतला, तो उघड्या प्लॅस्टिकपर्यंत गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सस्पेन्शनचे चार दांडे तुटून टेबलावर पडलेले. वाटलं उंदीर आला. नंतर कळलं, याला स्ट्रेस क्रॅकिंग म्हणतात. ताणाखाली असलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये टर्पेंटाइन झिरपलं की सूक्ष्म भेगा पडतात आणि जिथे ताण जास्त तिथे भाग तुटतो. वॉश कमी घ्या, जास्तीचा ब्रशने टिपून घ्या, आणि जोर देऊन बसवलेल्या दांड्यांच्या टोकाला तो साचू देऊ नका.

मुख्य हिरवा रंग बाटलीतून जसाच्या तसा देऊ नका. लहान वस्तूवर तोच रंग डोळ्याला जास्त गडद दिसतो, शिवाय खरा रणगाडा आपण लांबून, मधल्या धुळकट हवेतून पाहतो. मी साधारण दहा-पंधरा टक्के फिकट करतो, पांढरा न घालता पिवळट करडा घालून. पांढऱ्याने हिरवा खडूसारखा दिसतो.

जालन्याच्या हवामानाबद्दल आधी म्हटलंच. उन्हाळ्यात अॅक्रिलिकचे थेंब मॉडेलपर्यंत पोचायच्या आत वाळतात आणि पृष्ठभाग रव्यासारखा होतो. उपाय: रिटार्डरचे दोन-तीन थेंब, थोडं जास्त पातळ मिश्रण आणि सकाळी सहाची वेळ. पावसाळ्यात उलटी अडचण. लॅकर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दमट हवेतलं पाणी बसतं आणि पांढरट धुकं येतं. पाऊस चालू असताना व्हार्निश मारू नका, कितीही घाई असली तरी. आणि एक महत्त्वाचं: एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, द्रावकाची वाफ नाही. लॅकर फवारत असाल तर कार्बन फिल्टरचा मास्क आणि उघडी खिडकी दोन्ही हवं. घरात लहान मूल असेल तर लॅकर सोडून द्या, अॅक्रिलिकवर भागतं.

गंज कुठे, धूळ कुठे

माझं दुसरं मॉडेल तुटलं नाही. मला ते फार आवडलं होतं. इंटरनेटवर पाहून सगळीकडे नारिंगी गंज, ओघळ, सोललेला रंग. आमच्या गल्लीत एक काका राहतात, आर्मर्डमधून दफेदार म्हणून निवृत्त झालेले, विजयंतावर होते. त्यांना मोठ्या उत्साहाने दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “हा भंगारात काढलाय का?” मी म्हटलं, नाही काका, लढाईतला आहे. “लेका, एवढा गंज चढलेला रणगाडा मी परेडला आणला असता तर माझी दोन महिन्यांची सुट्टी गेली असती. माणसं रोज पुसायची त्याला.”

तिथे माझं वेदरिंग बदललं. मॉडेल बनवणारे बहुतेक जण म्युझियममधले किंवा सोडून दिलेले रणगाडे बघून रंगवतात. पण सोडून दिलेला रणगाडा गंजतो आणि म्युझियममधला दरवर्षी रंगवून चकचकीत होतो. म्युझियम आकारासाठी बघावं, रंगासाठी नाही. वापरातल्या रणगाड्यावर गंज टिकतो तो मोजक्या ठिकाणी: सायलेन्सरवर, कारण उष्णतेने रंग जळतो, आणि पट्ट्यांच्या उघड्या पोलादी भागांवर. तिथेही रोज चालल्यामुळे घासणारे भाग लखलखीत आणि बाकीचे गडद तपकिरी. शर्मनच्या पट्ट्यांचे काही प्रकार रबरी ठोकळ्यांचे होते. रबर गंजत नाही, फक्त करडं पडतं. अशा पट्ट्यांवर कडेचे लोखंडी जोड आणि मधले दात तेवढे चमकवायचे. सहा बी पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं की ती चमक येते, चंदेरी रंगापेक्षा कितीतरी खरी.

काकांनीच पुढे बसून दाखवलं. माणसं चढतात त्या जागी बुटांनी रंग घासला जातो. डिझेल भरताना सांडतं, त्यावर धूळ बसते आणि काळपट ओघळ तयार होतो, तो टाकीच्या झाकणापासून खाली जातो, भलतीकडून नाही. ड्रायव्हरच्या हॅचभोवती हातांचे तेलकट डाग. मागच्या बाजूला पट्टे धूळ उडवतात म्हणून मागचा भाग पुढच्यापेक्षा मळका. प्रत्येक डागाला कारण असतं. कारण सांगता येत नसेल तर तो डाग पुसून टाका, हा मी स्वतःला घातलेला नियम आहे.

गंजाचे रंग शिकायला जालन्याइतकी चांगली जागा नसेल. एमआयडीसीत सळयांचे कारखाने आणि बाहेर भंगाराचे ढीग. आठवड्यापूर्वी ओला झालेला पत्रा भडक नारिंगी, वर्षभराचा जुना जांभळट तपकिरी, हात लागणारा घासून काळा. फोनमध्ये फोटो काढून ठेवा. आणि गंजाची पूड विकत घेऊ नका. गेरू म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड आणि माती, रासायनिकदृष्ट्या ती गंजाच्याच घरातली. किराणा दुकानातला गेरू खलात बारीक करा, कोळशाची पूड मिसळली की जुना गंज. टर्पेंटाइनच्या थेंबाने जागेवर बसतो.

सोललेला रंग दाखवायला हेअरस्प्रेची युक्ती वापरतात. खाली गडद रंग, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर अॅक्रिलिक हिरवा. मग पाण्याने ओलं करून ताठ ब्रशने घासायचं. हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो आणि वरचा हिरवा खऱ्यासारखा निघतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे त्याच दिवशी करा. दुसऱ्या दिवसापर्यंत अॅक्रिलिक इतका कडक होतो की हलत नाही.

मातीचा प्रश्न

आमच्या शेतातली काळी माती फुकट आहे, मग वापरायला काय हरकत? हरकत अशी की ती चुकीची आहे. काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची. खेमकरणची माती नद्यांनी आणलेला गाळ, फिकट करडी-तपकिरी. असल उत्तरच्या शर्मनवर जालन्याची माती लावली तर तो रणगाडा बदनापूरच्या रस्त्यावर उभा असल्यासारखा दिसतो. मात्र अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजवर सराव करणारा विजयंता किंवा टी-७२ करणार असाल तर दख्खनचीच माती हवी, तेव्हा खुशाल वापरा.

काळ्या मातीची आणखी एक खोड शेतकऱ्यांना माहीत आहेच: भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. फेविकॉलमध्ये कालवून लावली तर वाळताना मॉडेलवर पण भेगा पडतात. कधी त्या छान दिसतात, कधी अख्खा पापुद्रा उचलून येतो. निम्मं प्लॅस्टर ऑफ पॅरिस घातलं की भेगा कमी होतात.

पंजाबच्या मातीसाठी मी प्लॅस्टर, थोडी काळी माती, पिवळी माती आणि खडूची पूड असं मिश्रण करतो आणि वाळल्यावर रंग जुळतोय का ते पुठ्ठ्यावर आधी बघतो. कुठलीही माती वस्त्रगाळ करूनच घ्या. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण स्केलमध्ये पावणेदोन सेंटीमीटरची खडी होते. आधी तव्यावर भाजून घ्या, नाहीतर पावसाळ्यात रणगाड्यावर बुरशी येते. आमच्या घरी त्यासाठी वेगळा तवा आहे. तो वेगळा का झाला, ते आईला विचारू नका.

चिखल एकाच रंगाचा नसतो. कालचा वाळलेला फिकट आणि मॅट, आजचा ओला गडद आणि चमकदार. म्हणून आधी फिकट थर सगळ्या खालच्या भागावर, तो वाळल्यावर त्यापेक्षा कमी जागेत मध्यम, आणि सगळ्यात शेवटी चाकांच्या कडांवर व लटकलेल्या ढेकळांवर चकचकीत व्हार्निश मिसळलेला गडद थर. वरच्या डेकवर चिखल नको, तिथे बुटांनी आलेली धूळ तेवढी. उसाची वाळलेली पाचट खरी वापरू नका, स्केलमध्ये ती केळीच्या पानाएवढी होते. सुतळीचे तंतू सोडवून बारीक कापा आणि पट्ट्यात अडकवा.

खर्च किती?

माझा अनुभव: टामियाचं शर्मन दोन-अडीच हजार, साधा एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर मिळून पाच हजारांच्या आसपास, रंग आणि सिमेंट दीड-दोन हजार. आयात कर आणि कुरिअरमुळे भाव वरखाली होतात. एअरब्रश नसेल तर पहिलं मॉडेल स्प्रे कॅन आणि ब्रशने करा, पातळ थर तीन-चार वेळा देऊन. वेदरिंग वरून बरंच काही झाकतं.

तिसरा शर्मन मी काकांकडे नेला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टरेटच्या मागे बोट ठेवलं आणि विचारलं, “याची माणसं झोपायची कुठं? अंथरूण कुठंय?” आता मी टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात बुडवून ताडपत्रीच्या वळकट्या करतोय. वळकटी ओली असतानाच दोऱ्याने बांधायची, म्हणजे दोरा तिच्यात रुततो आणि घडी खरी दिसते.